काठोकाठ भरलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पांढरी फियाट, वय शेहेचाळीस. जुन्या जालन्यात किशनलाल शेठजींच्या धान्याच्या दुकानामागे पत्र्याखाली उभी असते. मधल्या काळात माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येई आणि लोक नाक मुरडत. ही त्या वासाची गोष्ट आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगते.

मी नवी आले तेव्हा शेठजींच्या पत्नीने, संतोषबाईंनी मला कुंकू लावले आणि चाकांखाली लिंबे ठेवली. पुढे चाळीसेक वर्षे शेठजींच्या शेजारची सीट त्यांचीच. शेठजी माझ्या काचा स्वतः पुसत, नोकराला हात लावू देत नसत. त्यांची एकच खोड मला आवडत नसे. व्यापारी माणूस, माल पडून राहिलेला त्यांना खपायचा नाही. "मोटारीच्या पोटात पैसा निजवून काय करायचं?" असे म्हणून ते लागेल तेवढेच पेट्रोल घालत. "एक दिवस रस्त्यात बसवाल मला," असे संतोषबाई म्हणत आणि दोघेही हसत. माझा पेट्रोलचा काटा तर कधीचाच बंद पडला होता.

कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात संतोषबाईंना धाप लागली. अँब्युलन्स मिळेना. मुलगा जिनेंद्र पुण्यात अडकलेला. शेठजींच्या अंगातही ताप होता, तरी बाईंना मागच्या सीटवर निजवून ते मोठ्या दवाखान्याकडे निघाले. बदनापूरच्या पुढे माझे पेट्रोल संपले. मी आचके देत थांबले. तासाभराने एका दूधवाल्याने आपल्या मोटारसायकलमधून बाटलीभर काढून दिले, पण तोवर उशीर झाला होता. मित्रांनो, त्या तासाची लाज मला अजून वाटते.

शेठजी बरे झाले, मात्र त्यांच्या नाकाला वास कळेनासा झाला. तेव्हापासून दर सोमवारी ते मला पंपावर नेऊ लागले आणि टाकी काठोकाठ भरू लागले. घरी आल्यावर माझ्या आत लावलेल्या बाईंच्या फोटोपुढे ते उदबत्ती पेटवत.

गेल्या वर्षी वास सुरू झाला. जिनेंद्र आता जालन्यात परत येऊन दुकान बघत होता. तो घाबरला.

"बाबूजी, गाडीत पेट्रोलचा वास मारून राह्यला अन् तुम्ही आत उदबत्ती लावता. पेट घेईल एखाद्या दिवशी."

"मला तर बिलकुल येत न्हाई वास," शेठजी म्हणाले. आपल्याला कशाचाच वास येत नाही, हे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. उलट मुलाला मोटार विकायची आहे, म्हणून तो निमित्त काढतो, असे त्यांना वाटले.

"दसऱ्यापर्यंत वास गेला तर ठीक. न्हाई तर गाडी भंगारात," जिनेंद्र म्हणाला.

मूळच्या वाटूरच्या, पण इथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गॅरेज असलेल्या भारत मिस्त्रींकडे मी तीनदा गेले. त्यांनी कार्बोरेटर धुतला, पंप बदलला, तांब्याची नळी बदलली. पण काम सुरू करण्याआधी ते टाकी रिकामी करत. आगीशी खेळ नको म्हणून. टाकी रिकामी झाली की वासही जाई आणि सोमवारनंतर पुन्हा येई. दुखणे कुठे आहे ते मला ठाऊक होते, पण वास हीच माझी बोली, आणि ती शेठजींना ऐकू येत नव्हती.

दसऱ्याला चार दिवस उरले, तेव्हा मिस्त्री स्वतः दुकानात आले. "वास कोणत्या वारी येतो?" त्यांनी विचारले.

"सोमवारी जास्ती. गुरुवारी जातो," जिनेंद्र म्हणाला.

"शेठजी, सोमवारी काय करता?"

"टाकी भरतो. काठोकाठ."

मिस्त्रींनी माझी डिकी उघडली. पेट्रोल ओतायचे तोंड आणि टाकी यांना जोडणारी रबरी नळी तिथे आहे. तिच्याखाली त्यांनी वर्तमानपत्र पसरले आणि कॅनमधून पेट्रोल आणवून टाकी भरायला लावली. थोड्या वेळात कागद ओला झाला. नळी चिरली होती.

"मी दर वेळी टाकी रिकामी करायलो, मंग सापडंल कसं?" मिस्त्री म्हणाले. "पण शेठजी, गाडी मोंढ्याच्या पलीकडं जात न्हाई. एवढं पेट्रोल कशाला?"

शेठजींनी वाकून तो ओला कागद उचलला. मग मुलाकडे न बघता म्हणाले, "तुझी आई बदनापूरच्या पुढं रस्त्यात राह्यल्ती. पेट्रोल संपल्तं."

"तुम्ही तर म्हणले होते, अँब्युलन्स उशिरा आल्ती."

"तसंच सांगितलं होतं."

त्यांनी तो ओला कागद नाकाशी धरला. "याला वास येतो का रे?" त्यांनी विचारले. जिनेंद्रने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि तिथेच त्यांच्याजवळ बसून रडला.

नवी नळी बसली. उदबत्ती आता बाहेर भिंतीपाशी लागते. सोमवारी जिनेंद्रच मला पंपावर नेतो. शेठजी शेजारच्या सीटवर, संतोषबाईंच्या जागी बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला वास आला, आवाज आला, तर तिला भंगारात काढण्याआधी नीट तपासा. आणि तिच्या मालकालाही एकदा विचारा. मोटारीला बोलता येत नाही. माणसाला येते, पण कुणी विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

परवाच पंपावरच्या माणसाने विचारले, "किती टाकू?"

"फुल कर," जिनेंद्र म्हणाला.

माझी टाकी काठोकाठ भरली. मग आम्ही घरी आलो, कारण दवाखान्यात न्यायचे असे आता कुणी नव्हते.