दिवेलागणीचे लंगोट

मी साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सुटून घरी पोचेपर्यंत ऊन गेलेलं असतं. दारातच मुताचा वास आला की कळतं, आजही पोरीला कोणी बदललेलं नाही.

सासू सोनाबाई तिला दिवसभर सांभाळते. म्हणजे झोळीत घालून हलवते. लंगोट ओला झाला की त्याच्यावरच दुसरा बांधते, कचकचून. त्या संध्याकाळी सोडून बघते तर जांघा सोललेल्या. पाणी लागताच पोर किंचाळली.

डॉक्टरने सांगितलं होतं : साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे पुसा, कातडीच्या घड्यांतलं पाणी टिपा, पावडर नको, थोडा वेळ उघडी ठेवा, कापडं कडक उन्हात वाळवा. सोपंच आहे. फक्त ऊन असतं तेव्हा मी खोकी चिकटवत असते.

"आई, दुपारी तुमी वाळत घाला ना."

"माजे गुडघे गेलेत. तुजे हात शाबूत हायत ना?"

"मग डायपर आणते."

"पाय फेंगडे करायचेत पोरीचे? लगीन कोण करील मग?"

"बरं, आता धुऊन बाहेर टाकते."

"दिवे लागल्यावर तान्ह्याची कापडं बाहेर? बाधा लावून घेतीस काय गं?"

म्हणजे सगळीकडून बंद. कापडं घरातच वाळणार, म्हणजे वाळणारच नाहीत, आणि ओली कापडं पुन्हा त्याच सोललेल्या कातडीवर.

नवरा किशोर टीव्हीसमोर. "आई सांगते ते ऐक गं सुरभी."

"तू बस दिवसभर ओल्या चड्डीत, मग मला सांग." उघडी पोर मी त्याच्या मांडीवर ठेवली. "धर. काय बांधायचं नाय."

"अगं, नवी पँट हाय!"

मी लंगोट धुतले आणि अंगणात दोरीवर टाकले. सोनाबाईने येऊन दोन ओढले. मी परत टाकले. तिने परत ओढले. शेजारची नंदा ओट्यावरून हसली, "सोनाबाय, कबड्डी लावलीय काय?"

मग सासू आत गेली आणि कडी घातली. "ऱ्हा तितंच, तुज्या लंगोटांजवळ!"

आतून किशोर ओरडला, "मुतली गं!" मग पोरीचं रडणं.

मी दार बडवलं. "उघडीच ठेव तिला! ऐकतोस का?"

"आई बांधते हाय."

"आणि तू?"

पोर असं ओरडली की माझ्या छातीतून दूध वाहायला लागलं. मी लाथ घातली. तिसऱ्या लाथेला कडी निखळली.

आत जाऊन मी पोर ओढून घेतली. कापड सोडलं. तिला माझ्या युनिफॉर्मवर उघडीच धरून भिंतीला टेकून बसले. ती हुंदके देत गप्प झाली. किशोर दाराकडेच बघत होता.

"आता हे लागायचं कसं?"

सकाळपर्यंत तिला कोणी हात लावणार नव्हतं. सकाळी मला पॅकिंगला जायचं होतं, आणि पोर ठेवायला हेच घर होतं.