वरच्या मजल्यावरचं मत

लग्न करून या देशात आली तेव्हा तिला इथली भाषा मोडकीतोडकी यायची. आता ती इतकं सफाईनं बोलायची की माहेर कुठलं ते सांगितल्याशिवाय कुणाला कळत नसे. म्हणूनच तर जनमत चाचणीच्या ऑफिसात तिला फोनवर प्रश्न विचारायचं काम मिळालं.

मग दोन्ही देशांचं बिनसलं, राजदूत परत गेले आणि चाचणीतले प्रश्न आले ते नेमके तिच्या माहेरच्या देशाबद्दल. कॉम्प्युटर आपोआप नंबर लावायचा, ती प्रश्न वाचायची, लोक तोंडसुख घ्यायचे आणि ती निमूट बटण दाबायची.

एका दुपारी पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला. वरच्या मजल्यावरची मावशी! शाळा सुटली की तिची स्वतःची लेक चिमी संध्याकाळपर्यंत या मावशीकडेच असायची. मावशीला फोनवर अर्धंमुर्धंच ऐकू येई. तिनं आवाज ओळखला नाही. फोन कापावा असं हिला वाटलं, पण पाठीमागे साहेब येरझाऱ्या घालत होते.

“इथं राहणाऱ्या त्या देशाच्या लोकांना परत पाठवावं का?”

“पाठवा की! सगळ्यांना.” मावशी जरा घुटमळली. “आमच्या खालीच एक राहते. गुणाची पोर आहे हो. तिची लेक आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय.”

“मग तिलाही पाठवायचं?” तिच्या तोंडून निसटलं.

“तुम्ही सगळ्यांचं विचारलंत ना? मग एकटीला कसं वगळणार? लिहा, हो.”

तिनं ‘हो’ दाबलं. वर साहेबांनी सुनावलं, “स्वतःच्या मनाचे प्रश्न नकोत, बाई!”

संध्याकाळी मावशीनं दार उघडलं. “किती गं दमतेस! चेहरा बघ कसा उतरलाय.”

“मावशी, तुम्ही...” भांडून करणार काय? चिमीला ठेवायला दुसरं होतं तरी कोण?

पुढच्या आठवड्यात ती लेकीला न्यायला गेली, तेव्हा टीव्हीवर निकाल चालू होता. दहातल्या आठजणांना ‘ते लोक’ इथं नको होते. मावशीनं घाईघाईनं टीव्ही बंद केला.

“तोंडाला येईल ते बोलतात मेले. तू मनावर घेऊ नकोस हं.”

तिनं मान डोलावली. चिमीच्या बुटाचे बंद बांधता बांधता, वर न बघताच म्हणाली, “उद्या शाळेला सुट्टी आहे, मावशी. सकाळीच सोडू का हिला?”

“विचारतेस काय? सोड की!”