लायडनमधली आपली माणसं

"आधी आपली माणसं शोध गं, बाकी सगळं होतं मागनं." सिंगापूरच्या चांगी विमानतळावर हिराने लेकीला हे इतक्यांदा बजावलं, की शेवटी एकताने कानांत बोटं घातली. पण हिराचं मत म्हणजे मत. परक्या मुलखात चार मराठी टाळकी ओळखीची झाली की निम्मा घोर मिटतो. ती स्वतः सिंगापूरला आली तेव्हा तिने तेच केलं होतं. आणि कुणी "कुठले तुम्ही?" म्हणून खोदायला लागलं, की "नाशिककडचे" असं सांगून विषय तिथेच आवरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! इतकी वर्षं वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये सुखाने काढली, कुणाला काही कळलं नाही, कुणाचं काही अडलं नाही.

एकता हॉलंडमध्ये लायडनला शिकायला गेली आणि पहिल्याच दिवशी तिला कळून चुकलं, की तिथे विद्यार्थ्याला खोली मिळणं महाकठीण. आठवडाभरापुरती ती एका हॉस्टेलात उतरली होती, पुढे काय हा प्रश्नच होता. मग हिराने शुभदाला गाठलं. शुभदा म्हणजे सिंगापूरच्या मराठी गोतावळ्यातलं बडं प्रस्थ, सगळ्यांचं सगळं हिला ठाऊक. तिची भाची मैत्रेयी लायडनलाच शिकत होती, आणखी तीन मराठी मुलींबरोबर घर घेऊन राहत होती, आणि नशीब बघा, त्या घरात एक खोली रिकामी होती. गुरुवारी एकता तिथे जाऊन आली. पोळी-भाजी झाली, गप्पा झाल्या, खोली ठरल्यातच जमा होती. "आई, दे आर सो नाइस, लाह!" पोरगी सिंगापुरी 'लाह' लावत फोनवर नाचत होती. शनिवारी पुन्हा जेवायला बोलावलं होतं. हिराने देवाचं नाही, पण शुभदाचं नाव घेऊन दोनदा आभार मानले.

रविवारी दुपारी फोन आला. तिचा नवरा उत्तम आत वामकुक्षी घेत होता. एकताचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आई, खोली नाही देत त्या."

"अगं, का?"

"मैत्रेयी म्हणते तिची कझिन येणार आहे. पण ॲड अजून आहे ग्रुपवर. मी बघितली."

"काल काय झालं? नीट सांग."

"काहीच नाही! जेवताना त्या घरातल्या वल्लरीने विचारलं, गायकवाड म्हणजे मराठा का गं? मी म्हटलं, नाही, आम्ही बुद्धिस्ट."

आता हे वाक्य एकताने सिंगापुरात हजार वेळा उच्चारलं असेल. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली बुद्धिस्ट. शेजारच्या चिनी आजींच्या दारात अगरबत्ती, वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, अख्ख्या देशाला सुट्टी. "बुद्धिस्ट? मी टू!" यापलीकडे कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"मग?"

"मग मी सांगितलं, आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा केवढा मोठा फोटो आहे, चौदा एप्रिलला पप्पा स्वतः खीर करतात. सगळ्या 'अच्छा, अच्छा' म्हणाल्या. नंतर कुणी फार बोललंच नाही. आई, मला वाटतं मी न विचारता त्यांचा फ्रिज उघडला ना, ते आवडलं नसेल. मी सॉरी लिहिलंय. तू फक्त माझं मराठी तपास हं."

आणि ती वाचायला लागली. "प्रिय मैत्रेयी, माझ्याकडून काही चूक झाली असेल तर मला माफ कर. मी परत तुमच्या किचनमध्ये कशाला हात लावणार नाही."

हिराला वाटलं, कुणीतरी कानशिलात लगावली. नाशिकच्या हॉस्टेलात तिच्या खोलीतल्या मुलीने पाण्याचा माठ उचलून स्वतःच्या खाटेपाशी नेला होता, तेव्हा "माझा हात लागला का गं?" असं हिराच ओशाळून बोलली होती. त्या बोलण्याची लाज तिला अजून वाटायची. पण हिराला निदान कारण तरी ठाऊक होतं. एकता झाली तेव्हा तिने आणि उत्तमने ठरवलं होतं, पोरीला बुद्ध सांगायचा, बाबासाहेबांची विद्वत्ता सांगायची, संविधान सांगायचं. बाकीची घाण समुद्र ओलांडून इथे आणायचीच नाही. जात हा प्रकार एकताने शाळेच्या पुस्तकात वाचला होता, इजिप्तच्या पिरॅमिडांसारखाच, फार पूर्वीचा म्हणून.

"पाठवू नकोस ते," हिरा म्हणाली.

"मराठी चुकलंय?"

"मराठी बरोबर आहे. तू काही चुकली नाहीस, म्हणून पाठवू नकोस. बस खाली, बाळा." आणि मेली एकदाची ती मूठ हिराने उघडली. सगळं सांगितलं. त्या फोटोचा अर्थ त्या मुलींनी काय घेतला ते, आडनाव का विचारतात ते, माठाचं, एकताच्या आजोबांनी गावात सोसलेलं, सगळं.

एकताने पहिला प्रश्न विचारला.

"शुभदा मावशीला माहीत आहे?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं, कळलं की असं होऊ शकतं."

"तुला त्रास नको म्हणून गं, एकू. तू मोकळी वाढावीस म्हणून."

"मी मोकळी नव्हते, आई. मला फक्त माहीत नव्हतं." तिचा आवाज रडका नव्हता, हेच हिराला जास्त लागलं. "मी कोण ते त्या चौघींना पाच मिनिटांत कळलं. आणि मी तिथे बसून त्यांना खिरीची रेसिपी सांगत होते."