शालनच्या तळघरातली ओल

ओल धरली ती नेमकी शालनच्या भिंतीला, जिला टेकून ती गोधड्या शिवायची. जयपूरच्या मे महिन्यात शास्त्री नगरच्या त्या घरात गारवा काय तो तळघरातच. म्हणून रेल्वेतून निवृत्त होताच नंदकिशोरांनी ती खोली बायकोला देऊन टाकली होती. भिंतीवर तीनदा त्यांनी स्वतःच्या हातानं सिमेंट चढवलं. तिन्ही वेळा पोपडे आले, खार फुलला, आणि परवा तर भाचीच्या बाळाची गोधडी बुरशीनं काळी पडली.

"पुरे झालं," शालन म्हणाली. "कुलूप घाला खोलीला. मी आता शिवत नाही."

नंदकिशोरांनी कुलूप नाही घातलं, मिस्त्री बोलावला. न शिवणारी शालन त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती, पाहायचीही नव्हती.

कजोडजी मिस्त्री आले. छिन्नीनं सिमेंट उतरवून त्यांनी विटा उघड्या केल्या. "बाऊजी, आपने तो गीली दीवार को रेनकोट पहना दिया!" मग तळवा फिरवत ते एका कोपऱ्यापाशी थांबले. तिथली वीट गच्च भिजलेली. "बारिश तो है नहीं. इसके ऊपर क्या है?"

वर अळू होतं. सुपाएवढ्या पानांचं, हिरवंगार.

जयपुरातल्या पहिल्या वर्षी बाजारच्या अरबीच्या, म्हणजे तिकडच्या अळूच्या, पानांच्या वड्या घशाला खाजल्या, तेव्हा शालन ओट्याशी पाठमोरी होऊन रडली होती. नंदकिशोरांनी ते पाहिलं. पुढच्या रजेत गुहागरहून ओल्या पंचात गुंडाळून कंद आणले, भिंतीच्या सावलीत लावले. आधी रोज तांब्याभर पाणी, निवृत्तीपासून रोज सकाळी अर्धा तास पाइप.

"आधा घंटा?" कजोडजींनी कपाळाला हात लावला. "यहाँ की रेत में? सीधा नीचे उतरेगा!"

नंदकिशोर मान खाली घालून उभे. शालन त्यांच्याकडे वळली.

"अहो, म्हणजे माझ्यासाठीच भिजवत होतात, आणि माझ्यासाठीच लिंपत होतात?"

"तसंच म्हण."

ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं.

वर जाऊन नंदकिशोरांनी फावडं उचललं. "अळू गेलं तरी चालेल. तुझी खोली राहू दे."

"जातंय कुठं? सरका, कंद तोडाल," म्हणत तिनं हातानंच माती उकरली. कंद अंगणाच्या पार टोकाच्या जुन्या हौदात गेले. पानांच्या सात वड्या खाऊन कजोडजींनी बजावलं, "डेढ़ महीना कुछ मत लगाना. सूखने दो. फिर चूना करेंगे."

नंदकिशोर रोज खाली जाऊन विटेला गाल लावून बघत. पंचविसाव्या दिवशी गाल कोरडा राहिला. ते वर आले, जुन्या लुगड्यांचं गाठोडं उचललं आणि जिना उतरू लागले. शालन मागोमाग आली. उघड्या लाल विटांपाशी सतरंजी टाकून बसली.

"चुना लागायचाय अजून," ते म्हणाले.

"लागेल तेव्हा लागेल. आधी सुई ओवून द्या."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरलं.