बंगल्यात लाडावलेलं इन्सुलिन

“शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही,” गौसचाचांनी सुरुवात केली आणि पायाचा अंगठा हळूच लुंगीखाली ओढला.

अंगठ्यावरची जखम बुजायचं नाव घेत नव्हती. “सुई टोचता ना रोज?” बायकोनं, सरदारबीनं सरळच विचारलं होतं. खरं सांगावं, तर नवऱ्याच्या औषधापायी ही बाई अधू डोळ्यांनी पुन्हा विड्या वळायला बसणार. तेव्हा खरं सोडून काहीही सांगायला चाचा तयार होते.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत फ्रिज कुठला असायला! म्हणून इन्सुलिनची बाटली सात रस्ता चौकाजवळ, राजशेखरसाहेबांच्या बंगल्यात ठेवायची. साहेबांची गाडी चालवण्यातच चाचांची हयात गेलेली. दोघांचं वय सारखं, आजार सारखा, डॉक्टरही एकच.

“पण बाटली लाडावली की गं! शेजारी आमरस, डोक्यावर श्रीखंड. टोचून घेऊन हितं आलो की आतनं ओरडायची, ‘एसी कुटं हाय?’ आन् कामच बंद! बंगल्यात साखर खाली, पेठेच्या तोंडाशी आलो की वर!”

सरदारबी पदर तोंडाला लावून हसली. चाचांना जोर चढला.

तेवढ्यात शेजारची केराबाई येऊन उंबऱ्यावर टेकली. त्याच बंगल्यात ती धुणंभांडी करायची. चाचांनी तिला गप्प राहायची खूण केली. तीही गालात हसून ऐकत बसली.

“मग साहेब म्हणाले, ‘गौस, तू हितंच बसत जा.’ आता सोफ्यावर बसतो, त्यांच्या चालायच्या मशिनीवर चालतो. काल असा चाललो, असा चाललो, साखर उतरायची थांबंचना! माझी सरली, साहेबांची सरली, शेवटी त्यांच्या कपातला चहा फिका पडला! साहेब ओरडले, ‘उतर लेका, बाजारातली पोती रिकामी करतोस का!’”

सरदारबीनं हसत हसत त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. लुंगी सरकली. काळा पडलेला अंगठा केराबाईनं पाहिला आणि तिचं हसू जागीच थिजलं.

“काल गेलता व्हय, चाचा?”

“काल काय, आजबी जाऊन आलो की!”

“खोटं! साफ खोटं! सरदारभाबी, साहेब लेकाकडं परदेशात जाऊन महिना झाला. बंगल्याला कुलूप हाय. फ्रिज मीच रिकामा केला, बाटली ह्यांच्याच हातात दिली. ह्या पत्र्याखाली ती कवाच नासली असंल. सुई कसली टोचतोय ह्यो माणूस!”