गुरुवारी परत आणायचा चेंडू

मित्रांनो, मला नीट ओळखायचं असेल तर उचलून घ्या आणि अंगावरून अंगठा फिरवा. एके ठिकाणी दोरा लागेल, बाकीच्या शिवणीपेक्षा जाड, मेण लावलेला. मी एक जुना फुटबॉल आहे, आणि तो दोरा ही माझी खूण. तो ओवणारे हात आता राहिले नाहीत. मला खरं तर त्यांचंच सांगायचं आहे.

माझा पूर्वरंग लांबवत नाही. एका अरुंद खोलीत, दिव्याखाली बसून एका बाईने माझे बत्तीस तुकडे जोडले. शेवटची गाठ आत लपवताना ती पुटपुटली, "जा बाबा, सुखाने लाथा खा." पुढची तीन वर्षं मी एका शाळेत तेच केलं. गोल झाला की मुलं मला छातीशी धरत, हरली की भिंतीवर आपटत. मग एक शिवण उसवली. मी कपाटावर गेलो, तिथून कपाटामागे आणि शेवटी भंगाराच्या पोत्यात. कौतुक असंच असतं, मित्रांनो. हवा आहे तोवर.

पोत्यातून मला बाहेर काढलं ते पोस्टमनकाकांनी. काका नोकरीतून निवृत्त झाले होते, पण पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. बेघर माणसांच्या निवाऱ्यामागे सिमेंटचं एक अंगण होतं. मनाच्या आजाराने घरादारापासून तुटलेली, रस्त्यावर दिवस काढणारी मोठी माणसं सोमवारी आणि गुरुवारी दुपारी तिथे जमत आणि काका त्यांना फुटबॉल खेळवत. खेळ आटोपला की निवाऱ्याच्या सिस्टर टेबल मांडून एकेकाला गोळ्या देत. जो खेळाला आला त्याच्या पोटात औषध गेलं. जो आला नाही तो राहिला.

गोलात एक जुना बस कंडक्टर उभा राही. कुणी मला घेऊन धावत आलं की तो हात पसरून ओरडे, "जागा नाही! मागच्या गाडीने या!" त्या अंगणात हसू यायचं ते बहुतेक त्याच्यामुळे.

तिथेच एक दिवस कारागीर आला. पन्नाशीचा, जोडे शिवणारा माणूस. दाढी वाढलेली, ओठ सारखे हलत असलेले. तो खेळला नाही. कडेला बसून माझ्याकडे टक लावून पाहत राहिला आणि शेवटी उठून म्हणाला, "काका, याची शिवण गेलीय. अशाला लाथ मारणं पाप आहे."

त्याने खिशातून चामडं शिवायची आरी काढली. ते टोक पाहून सिस्टर दोन पावलं मागे सरल्या. "अहो, कुणीतरी घ्या ते त्याच्याकडून!"

"थांबा हो," काका म्हणाले. "बघू तर द्या."

त्याने मला मांडीवर घेतलं आणि एकोणीस टाके घातले. मित्रांनो, मी पुष्कळ पाय अनुभवले, पण असे हात नाही. टाके पडत असताना त्याचे ओठ हलायचे थांबले होते.

"हात चालू असले की ते गप्प बसतात," तो म्हणाला.

"ते कोण?" काकांनी विचारलं.

"भिंतीतले."

भिंतींच्या त्या आवाजांपायी तो निवाऱ्यात झोपत नसे. बंद पडलेल्या एका दुकानाची पायरी हेच त्याचं बिऱ्हाड. आज आलेला असा माणूस परत येईलच याची खात्री कुणाला? काकांची त्यावर एक रीत होती. खेळ संपला की ते चेंडू कपाटात ठेवत नसत. जो निसटून जाईल अशी धास्ती वाटे, त्याच्याच हातात देत.

"हा घेऊन जा," ते कारागिराला म्हणाले. "गुरुवारी परत आण. तू आल्याशिवाय खेळ नाही."

"आणि हा आलाच नाही तर?" कंडक्टर म्हणाला. "आम्ही काय डोकी लाथाडायची?"

"तुझं चालेल की. नाहीतरी हवाच भरलीय त्यात."

कारागीर गुरुवारी आला, सगळ्यांच्या आधी. मग सोमवारी आला. आठवड्यांमागून आठवडे मी त्याच्यासोबत त्या पायरीवर राहिलो. तो रोज मला एका फडक्याने पुसे. खेळाच्या दिवशी सकाळी ते आवाज त्याला धमकावत. जाऊ नकोस, धरतील, कोंडतील, म्हणत. तो मला काखेत घट्ट धरून मोठ्याने सांगे, "चेंडू द्यायचाय. ताबडतोब येतो." जणू कुणा रागीट वडीलधाऱ्याची परवानगी काढतोय. आणि निघे.

सिस्टरांनी त्याला एक वचन दिलं होतं. बारा आठवडे न चुकता औषध घेतलं तर जवळच्या इमारतीत एक खोली, स्वतःच्या कुलपाची. खोलीचा ध्यास त्याला भिंतींसाठी नव्हताच. त्याच्या खिशात लेकीचं पत्र होतं, निवाऱ्याच्या नावावर आलेलं. घड्यांवर फाटलेलं ते पत्र तो मला वाचून दाखवी. "बाबा, तुमचा पत्ता झाला की कळवा. मी तुमच्या नातीला घेऊन येते. तिला चालता येतं आता."

"पत्ता झाला की," तो माझ्यावर बोट आपटून म्हणे. "ऐकलंस?"

अकरावा आठवडा लागला. त्या सोमवारी कुणा भल्या माणसाने निवाऱ्याला सहा नवे चेंडू दिले. हार नाही, भाषण नाही, पण फोटो निघाले. काकांच्या आनंदाला पारावार नव्हता. खेळ संपला तसा कारागीर सवयीने मला उचलायला वाकला. काकांनी प्रेमाने त्याच्या हातातून मला काढून घेतलं.

"पुरे झालं हे ओझं. आता सगळे कपाटात राहतील. तू मोकळा!"

"मग गुरुवारी काय आणू?"

"काही नको. नुसता ये, राजासारखा."

"बिनतिकिटाचा ये!" कंडक्टर ओरडला. सगळे हसले. कारागीरही हसला, थोडा उशिरा. त्याचे हात मात्र तसेच होते, मध्ये चेंडू असल्यासारखे गोल. मग कपाटाचं दार लागलं आणि मला काही दिसेना.

गुरुवारी मी अंधारात नव्या चेंडूंचे धप्पे ऐकले. नंतर सिस्टरांचा आवाज आला. "कारागीर? कारागीर आला का?" तीनदा. पुढच्या सोमवारीही तीनदा.

त्या दिवशी काकांनी कपाट उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "चाळीस वर्षं टपाल वाटलं मी," ते सिस्टरांना म्हणाले, "पण रिकाम्या पिशवीने कधी कुणाच्या दारात गेलो नाही. आणि त्याला म्हटलं, नुसता ये!"

मला काखोटीला मारून ते आठ दिवस फिरले. सतत थंड पाऊस होता. पायरीवर भिजलेला पुठ्ठा सापडला आणि मला पुसायचं ते फडकं, नीट घडी घातलेलं. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या एका वॉर्डच्या टोकाला, जमिनीवरच्या गादीवर कारागीर सापडला. कागदावर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष. पावसात राहून छाती भरली होती. भिंतीकडे पाठ करून तो पडला होता.

काकांनी मला त्याच्या कुशीशी ठेवलं. त्याने डोळे उघडले नाहीत. पण अंगठा माझ्यावरून फिरला आणि त्या जाड दोऱ्यावर येऊन थांबला.

"गुरुवार आहे?"

"उद्या रे बाबा."

"मग उद्या पोचवतो. त्यांना म्हणावं, थांबा."

"थांबतील," काका म्हणाले.

सकाळी अंगठा माझ्यावरच होता, पण गार. ज्याचं त्याला पोचवणारा वर एक बसला आहे म्हणतात. असेल. मी त्याला एवढंच विचारीन, की याचा पत्ता होईपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? लेक आली, नातीला कडेवर घेऊन. काकांनी तिला कळवलेला पत्ता वॉर्डचा होता.

त्या गुरुवारी काका मला घेऊन अंगणात पोचले तेव्हा सगळे उभे होते. नव्या चेंडूंना कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी खेळ झाला तो माझ्यावर, आणि गोलातून कंडक्टरने एकदाही "जागा नाही" म्हटलं नाही. शेवटी काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोपऱ्यात एक बाई होती, दोनच दिवसांपूर्वी आलेली, मान खाली घालून बसलेली. त्यांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं.

"सोमवारी परत आण, ताई. तू आल्याशिवाय खेळ नाही."

तिचा अंगठा त्या टाक्यांवर अडला. "हे कुणी शिवलं?"

"आमच्यातल्याच एकाने," कंडक्टर म्हणाला. "सांभाळून ने."

मित्रांनो, मला पुसा, हवा भरा, उन्हात टाकू नका, हे तर सांगतोच. पण तुमच्या दारावरून असं कुणी हरवलेलं माणूस गेलं, तर त्याला नुसतं "ये" म्हणून निरोप देऊ नका. त्याच्या हाती आपलं काहीतरी द्या आणि परत मागा. मग खरोखर वाट पाहा.

आज रविवार आहे. ती बाई मला पोटाशी धरून एका जिन्याखाली बसली आहे. ती कुणाशी तरी भांडते आहे, मला न दिसणाऱ्या कुणाशी. मधूनच तिचा अंगठा तो दोरा शोधतो. मी तिच्यासाठी टाके मोजतो आहे. एकोणीस आहेत. सगळे शाबूत आहेत.