खाली बघायची सवय

बंदरावर तिला सगळे घार म्हणायचे. क्रेनच्या उंच केबिनमध्ये बसून, पायाखालच्या काचेतून बघत ती कंटेनर उचलायची, आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं. आता क्रेन इमारतीतल्या एका खोलीतून चालवायच्या होत्या. समोर भिंतीवर स्क्रीन, हाताशी जॉयस्टिक. केबिन रिकामी, तिच्या तळाला फक्त एक कॅमेरा.

सरावात घारीची एकच चूक पुन्हा पुन्हा व्हायची. कंटेनर उतरवायची वेळ आली की तिची मान आपोआप खाली जायची, दोन पावलांच्या मधे. तिथे करडा गालिचा. नजर परत वर येईपर्यंत कंटेनर झोका घेऊन भलतीकडे गेलेला असायचा.

"घारताई, काही पडलं का?" शेजारच्या खुर्चीतला लंबू विचारायचा. तो तिच्या निम्म्या वयाचा, पहिल्याच फटक्यात पास झालेला.

"अक्कल पडलीय. सापडली तर दे."

खोलीत हशा व्हायचा, तीही हसायची. पण घरी जाताना ते हसू टिकत नसे. आज तर परीक्षा उद्यावर आली होती. नापास झाली तर क्रेन सुटणार आणि फाटकावर ट्रकचे पास तपासत बसावं लागणार.

नवऱ्याचं केशकर्तनालय वाटेतच होतं. तो आरसे पुसत होता.

"वय झालं माझं," ती बाकावर टेकत म्हणाली. "डोकं वळत नाही नव्या गोष्टीकडे."

"डोकं की मान?"

"मान. खाली जाते सारखी."

"मग जाऊ दे ना. एखादं गिऱ्हाईक मान सरळ धरत नाही, तेव्हा मी काय त्याची मान मोडतो? खुर्ची फिरवतो."

"तिथे कोण फिरवू देणार?"

"विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. विचारलं की हिला जमत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडणार.

परीक्षेच्या दिवशी वारा सुटला होता. परीक्षक बाई मागे उभ्या राहिल्या. घारीने मान ताठ धरली, इतकी की खांदे दुखायला लागले. कंटेनर ट्रेलरच्या चार खुंट्यांवर बसायच्या ऐवजी वरच डोलत राहिला. ती डावीकडे सावरायला गेली, तो आणखी उधळला.

"थांबवा. अजून एक संधी आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या.

घारीने जॉयस्टिकवरचा हात काढला. कान तापले होते.

"मॅडम, मला असं जमत नाहीये. स्क्रीन खाली ठेवता येईल? जमिनीवर, माझ्या पायांपाशी?"

लंबू खोकला.

"कशासाठी?"

"कॅमेरा खाली बघतो. भिंतीवर त्याचं 'खाली' ते माझं 'समोर' होतं. ते मनात फिरवून घेईपर्यंत झोका निघून जातो."

बाईंनी हातातले नियम चाळले. "स्क्रीन कुठे असावी हे यात कुठेच नाही. ठेवा."

लंबूनेच एक बाजू धरली. स्क्रीन गालिच्यावर आडवी झाली. घारीने पाय फाकवून मधे पाहिलं, आणि तिचं बंदर जिथे असायला हवं तिथे होतं.

वाऱ्याने कंटेनर पुन्हा डोलायला लागला. तिने घाई केली नाही. झोका टोकाला पोचला त्याच क्षणी तिने क्रेन नेमकी त्याच्या डोक्यावर नेली. कंटेनर ओळंब्यासारखा स्थिर झाला. मग सरळ खाली. चार खुंट्या, स्क्रीनवर चार हिरवे दिवे.

लंबू स्क्रीनवर वाकून बघत होता, मान खाली घालून.

"पास," बाई म्हणाल्या. "उठा आता."

घारीने पुढच्या कंटेनरवर क्रेन नेलीसुद्धा होती.

"अहो, परीक्षा संपली."

"हो ना," ती खाली बघत म्हणाली. "पण वारा छान सुटलाय."